घरातलं माणूस

मुलांनो, डोळे मिटता येतात, तसे कान मिटता येत नाहीत. तरी क्षणभर कल्पना करा, की ते मिटले. समोर मंडई भरली आहे, भाजीवाल्यांची तोंडं हलताहेत, पण आवाज नाही. आता कानामागे वाटाण्याएवढं एक यंत्र बसवा. शंभर आवाजांतून जवळच्या माणसाचा आवाज ते ओळखतं, पुढे आणतं आणि बाकीचे मागे सारतं. बार्शीच्या चैत्राली ढगेच्या कानामागे असं यंत्र होतं. त्याचं नाव कानमित्र.

अकरा वर्षांची चैत्राली त्या शनिवारी आईबरोबर मंडईत गेली होती. आईने दोन हाका मारल्या, तिसऱ्या वेळी दंडच धरला. पोरगी पलीकडच्या बोलक्या पाटीकडे बघत होती. अशा पाट्या तेव्हा दुकानादुकानाबाहेर लागल्या होत्या. सगळ्यांत एकाच बाईचा गोड आवाज. तो तेल विकायचा, साबण विकायचा, कर्जही विकायचा.

"तेलवाली बरी ऐकू येते तुला," आई म्हणाली. "आईच तेवढी येत नाही."

आईला ते सोंग वाटलं. चैत्रालीला मात्र धास्ती वाटली, कारण ते खरं होतं, आणि महिन्यापूर्वीपर्यंत तसं नव्हतं.

घरी आल्यावर तिने आईला हाताच्या अंतरावर बसवून वर्तमानपत्र वाचायला लावलं. मोबाईलवर पाटीचा आवाज अगदी बारीक करून तो अंगणाच्या टोकाला ठेवला. आईचे शब्द पाण्यात पडलेल्या खडीसाखरेसारखे विरघळू लागले; पाटीचा शब्द न् शब्द स्वच्छ. मग तीच जाहिरात तिने मोबाईलकडून पुरुषाच्या आवाजात वाचून घेतली. ती मागे गेली, आई पुढे आली. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं. ते त्या बाईला ओळखत होतं.

यंत्राने काय करायचं हे सांगणाऱ्या मजकुराला आज्ञावली म्हणतात. कानमित्रची आज्ञावली खुली होती. कुणीही ती वाचावी, फुकट वापरावी, चूक दिसली तर सुधारावी. वापरणारी मुलं हजारो. सांभाळणारे मुख्यतः एकटे दिगंबर पेडणेकर, वेंगुर्ल्याचे. बर्फाच्या कारखान्यातली नोकरी करून उरलेल्या वेळात, दहा वर्षं, बिनपगारी. शेवटी ते थकले, आणि थांबतो म्हणाले. तेव्हा सुस्वर प्रतिष्ठान नावाची एक संस्था पुढे आली. दरमहा मानधन देऊ, म्हणाली, अट काही नाही. शिवाय यंत्राला शिकवायला नवी ध्वनिमुद्रणंही दिली; ती महिन्यापूर्वी वापरात आली. पेडणेकरांनी कारखाना सोडला.

चैत्राली त्यांना नेहमी चुका कळवायची, त्यामुळे ओळख होती. तिने फोनवर सगळं सांगितलं. ते थोडे दुखावलेच.

"अगो बाय, आज्ञावली मी ओळ न् ओळ वाचलीय. आणखी चौघांनी वाचलीय. त्यात काळंबेरं काही नाही."

"आणि आवाज, काका? ते कुणी ऐकले?"

ते कुणीच ऐकले नव्हते. ही मंडळी वाचणारी. आज्ञावलीत एक स्वल्पविराम हलला तरी आठवडाभर वाद घालणारी. पण 'जवळचं माणूस' कसं बोलतं हे यंत्र शिकतं ते ध्वनिमुद्रणं ऐकून, आणि ती होती नऊशे तासांची. इतकं ऐकत बसायला सवड कुणाला होती?

मुद्रणंही खुलीच होती. पेडणेकरांनी त्यांचे वाटे केले, आणि चैत्रालीने एक मागून घेतला. कानमित्रची जुनी, खरखरणारी आवृत्ती लावून ती रोज शाळेनंतर ऐकत बसली. सहाव्या दिवशी सापडलं. भांड्यांचा आवाज, कुठेतरी मूल रडतंय, आणि ती गोड बाई विचारतेय, "जेवलीस का गं?" मुद्रणावर यंत्रासाठी चिठ्ठी होती: 'घरातलं माणूस'. पुढे तीच बाई वेणी घालताना, अभ्यास घेताना, अंगाई म्हणताना. जाहिरात एकही नव्हती.

पेडणेकरांनी प्रतिष्ठानाला विचारलं. उत्तर तासाभरात आलं, अतिशय नम्र. निवेदिका व्यावसायिक आहेत, इतरत्रही काम करतात, हा योगायोग समजावा. खाली एक ओळ होती: पुढील मानधनाचा फेरविचार सुरू आहे.

त्यांनी ते चैत्रालीला फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मी ही मुद्रणं काढून टाकतो. पण मग मला कारखान्यात जावं लागणार. तुझ्या यंत्रासाठी फक्त रविवार उरेल. यंत्र फोनशी जोडून चालतं; नवे फोन आले की आज्ञावली त्यांच्याशी जुळवावी लागते. रविवारात ते नाही जमलं, तर एक दिवस यंत्र गप्प होईल. हे समजतंय ना तुला?"

"आणि नाही काढली तर?"

"तर ऐकू येत राहील. कोण ऐकू येईल, ते मात्र मी सांगू शकत नाही."

चैत्रालीने आईकडे पाहिलं. आई काहीतरी म्हणत होती. अर्धंच कळलं.

"काढा, काका," ती म्हणाली.

गुरुवारी कानाची तपासणी होती. दवाखान्याच्या बाकांवर आठ-दहा आईबाप मुलांना घेऊन बसले होते. प्रत्येक मुलाच्या कानामागे तोच वाटाणा. चैत्रालीने आईचा हात सोडवला, पहिल्या बाकावर मुलाला घेऊन बसलेल्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं,

"काकू, याच्या कानामागचं यंत्र कोण सांभाळतं, आणि त्या माणसाला कोण सांभाळतं, माहीत आहे का तुम्हाला?"