क, ब आणि ल

तो माझ्या खुर्चीत बसला होता.

छापखान्यातली ती खोली अरुंद. टेबलाच्या अल्याड एक खुर्ची, पल्याड एक; त्यांतली खिडकीकडची माझी. रोज मला हस्तलिखित वाचून दाखवणाऱ्या आमच्या वाचक आजोबांचा घसा बसला म्हणून कोशकारांनी आपल्या शिष्याला पाठवलं होतं. मी हातात प्रुफं घेऊन दारात उभी, आणि हा गृहस्थ आरामात खिडकीबाहेर बघतोय.

"ती मुद्रितशोधकाची खुर्ची आहे," मी म्हटलं.

"मुद्रितशोधक आले की उठेन."

"आलेत."

तो इतक्या घाईनं उठला की दौत हिंदकळली. मला आलेलं हसू मी प्रुफांमागे लपवलं… लपलं नसावं.

अरबी शब्दांचा कोश छापत होतो आम्ही. तो हस्तलिखित मोठ्यानं वाचणार, मी समोर बसून छापलेल्या कागदावर ताडून बघणार. काम तसं रटाळ. आजोबा नुसते वाचत. हा मात्र वाचता वाचता सांगायचा. तिकडे तीन अक्षरांचा एक धातू असतो आणि त्यातून शब्दांचं अख्खं खानदान जन्माला येतं, हे मला त्याच्याकडून कळलं. एखादा शब्द उलगडताना त्याचा आवाज हळू होई, जणू झोपलेलं कुणी जागं होईल. मग मला पेन्सिलीचा विसर पडे.

आजोबांचा घसा काही सुटेना. मीही चौकशी केली नाही.

अशात आत्यानं स्थळ आणलं. मला लहानाची मोठी केली ती आत्यानंच. मुलाचं औषधांचं दुकान, माणूस शांत, घर चांगलं. नाही म्हणायला कारणच नव्हतं, हीच पंचाईत.

"संध्याकाळी ती मंडळी येताहेत. हो की नाही, एकदाचं सांग," सकाळी माझा डबा भरताना आत्या म्हणाली. "मनात कुणी आहे का?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

"तुला कळलेलं नाही, की त्याला?"

आत्यापासून काही लपत नसे.

त्या दिवशी नेमका हा धातू आला.

"क, ब, ल," त्यानं सुरुवात केली. "मूळ अर्थ – समोर असणं, समोर तोंड करणं. त्यातून कबूल. एखाद्याकडे पाठ न फिरवता तोंड केलं, की झाला स्वीकार. इकबाल – समोरून चालत येणारं भाग्य. मुस्तकबल – भविष्य. तेही समोरूनच येतं. काबिला – सुईण."

"सुईण कशी काय?"

"येणाऱ्या बाळाला सगळ्यांत आधी सामोरी जाते ती."

मी पेन्सिल खाली ठेवली. तीन अक्षरांत केवढं मावलं होतं… "आणि मुकाबला?"

"आपण तो लढाईपुरता ठेवलाय. अरबीत आणखी एक अर्थ आहे. दोन प्रती समोरासमोर ठेवून ताडून बघणं."

"म्हणजे आपण करतो ते."

"म्हणजे… आपण करतो ते," तो म्हणाला आणि उगीचच भराभर पुढे वाचू लागला.

माझं बोट प्रुफावर थांबलं. "एक ओळ गाळलीत."

"छे."

"इथं छापलीय. तुमच्याकडे नसेल तर काट मारते."

"मारू नका… आहे."

"मग वाचा की."

तो छताकडे बघत म्हणाला, "कुब्ला – चुंबन."

"ऱ्हस्व की दीर्घ?"

मी आपलं उकाराबद्दल विचारलं होतं. लाकडी फळ्यांच्या आडोशापलीकडे छपाईचे खिळे जुळवणारे काका जोरात खाकरले आणि मग माझ्या लक्षात आलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. माझेही झाले असतील.

"ऱ्हस्व," तो कसाबसा म्हणाला.

हसू ओसरलं तशी मला संध्याकाळ आठवली. "आज आमच्याकडे पाहुणे येताहेत," मी म्हटलं. "मला उत्तर द्यायचंय."

तो कागदाची कड दुमडत राहिला.

"मुलगा चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मग…"

"मग काय? पुढे वाचा."

"कब्ल – आधी, पूर्वी." तो थांबला. "मी आधीच बोलायला हवं होतं. आजोबांचा घसा केव्हाच बरा झालाय. मीच त्यांच्या हातापाया पडून त्यांना घरी बसवलंय."

"का?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण ओळ अर्धी सोडायची सवय नव्हती मला.

"तुमच्या समोर बसता यावं म्हणून… जन्मभर बसायला मिळालं तर…" त्यानं मान वर केली. "कबूल?"

"वाचताय की विचारताय?"

"विचारतोय."

खाली बघावं, लाजावं, असं वाटलंच नाही. मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मग आत्याला येऊन विचारा. पाहुण्यांच्या आधी पोचा."

"पोरी," पलीकडून काका म्हणाले, "ठरलं असेल तर पान दे. फॉर्मा यंत्रावर चढवायचाय."

मी सही करून पान दिलं.

तो पाहुण्यांच्या आधी पोचला. आत्यानं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "कळलं का तुम्हाला एकदाचं?"

त्या पानाच्या शेवटच्या ओळी आम्ही दोघांनीही वाचल्या नव्हत्या, हे कोश बांधून हातात आला तेव्हा उमगलं. कबिला हा त्याच धातूतला शब्द. मूळ अर्थ टोळी. आपल्याकडे येता येता 'कुटुंब, बायको' झाला. आमच्या कोशात छापलंय – 'कुटुंब, बायका'.

कोशकार रागावले. आमच्या घरात मात्र तो वाद पुढे वर्षानुवर्षं रंगला. जरा बिनसलं की हे कपाटातून कोश काढायचे. "छापील अनेकवचन आहे. सही कुणाची आहे बघ."

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू," मी म्हणायची.

दुसरी काही निघाली नाही. एकीवरच भागवलं बिचाऱ्यांनी.