टॉवरच्या फायलीतला शेरा

त्या दिवशी वारा असा सुटला होता, की मोजपट्टीचं टोक काही केल्या जागेवर राहीना. तिने त्यावर दगड ठेवला, तर पट्टी दगडासकट सरकली. मदतनीस रजेवर. शेवटी ती कमरेवर हात ठेवून पट्टीकडे रागाने बघत उभी राहिली.

"धरू का?" मागून आवाज आला.

खांद्याला पिशवी, विस्कटलेले केस, डोळ्यांत मिश्कील हसू. तिने जास्त विचार न करता टोक त्याच्या हातात दिलं आणि पट्टी उलगडत शाळेच्या कुंपणापर्यंत गेली.

"शहाऐंशी!" ती ओरडली.

"जरा ताणा ना... शंभर होतील!"

तिला हसू फुटलं. पट्टी गुंडाळत परत येताना ती म्हणाली, "इथे मोबाइलचा टॉवर उभा करायला निघालेला अक्कलवंत कोण आहे, कोण जाणे! शाळेपासून शंभर मीटरचा नियम आहे, हे शेंबडं पोरही सांगेल."

त्याने टोक अदबीने परत केलं. "तो अक्कलवंत मीच."

तिचे कान लाल झाले. पण माघार घेईल ती ती कसली! नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात कनिष्ठ अभियंता होती ती.

"मग तुमचा अर्ज नामंजूर," ती म्हणाली.

"कारणासह?"

"कारणासह. आणि शिक्क्यासह."

"शिक्का जरा हळू मारा," तो म्हणाला, "आधीच दुखावलोय."

खरं सांगायचं, तर त्या टॉवरची गरज त्याच्यापेक्षा तिलाच जास्त होती. ती दादा-वहिनीजवळ राहायची, खालच्या वस्तीत. तिथे फोनला रेंज म्हणजे देवदर्शन... कधीतरी, तेही चढ चढून! गेल्या थंडीत शेजारचे आजोबा जिन्यात कोसळले, तेव्हा रुग्णवाहिका बोलवायला वहिनी अनवाणी चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पळत गेली होती. आजोबा वाचले, पण वहिनीच्या धापा टाकण्याचा आवाज हिच्या कानातून गेला नव्हता. टॉवर हवा होता, पण नियमात बसणारा. 'आपलं काम आहे म्हणून चालवून घ्या' ही भाषा तिला लहानपणापासून ठाऊक नव्हती.

दहा दिवसांनी तो नवा नकाशा घेऊन आला. टाकीच्या मागचा माळ... शाळेपासून एकशे तीस मीटर.

"साहेबांना सांगून पहिल्याच जागेचं काही जमवा, असं नाही म्हणालात?" तिने नकाशावरून नजर न उचलता विचारलं.

"कंपनीतले म्हणत होते. मी म्हटलं, त्या मॅडम शिक्का फार जोरात मारतात."

तिने ओठ घट्ट मिटले, नाहीतर हसली असती.

मग नोटीस लागली, हरकती आल्या, सुनावणीचा दिवस उजाडला. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एक निवृत्त शिक्षिका, सारं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, काठी टेकत उभ्या राहिल्या.

"आमच्या नातवंडांच्या डोक्यावर हे लोखंडी झाड लावणार तुम्ही. त्यातून काय पाझरतं, आम्हाला कसं कळायचं?"

तिला वाटलं, आता हा चार जड शब्द फेकून बाईंना गप्प करणार. पण तो खुर्ची सोडून त्यांच्यासमोर गेला.

"बाई, मी सांगून तुम्ही का विश्वास ठेवावा? टॉवरच्या लहरींची मोजणी आम्ही नको करायला, बाहेरच्या तज्ज्ञाने करावी. दरवर्षी. आणि आकडा वस्तीतल्या फलकावर लावावा."

"बारीक अक्षरात लावाल!" बाई कडाडल्या. "मला चष्म्याविना वाचता आला पाहिजे."

"चष्म्याविना," त्याने वहीत लिहून घेतलं आणि पान त्यांच्यासमोर धरलं. "एवढं अक्षर चालेल?"

बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "...आणखी मोठं."

सगळं सभागृह हसलं. बाईसुद्धा. आणि अभियंता मॅडम? त्या इतिवृत्त लिहायचं विसरून त्याच्या वहीवर वाकलेल्या मानेकडे बघत होत्या.

घरी वहिनीने भाजी निवडताना बरोब्बर नेम धरला. "वन्सं, आज त्या टॉवरवाल्यांचं नाव चौथ्यांदा निघालं."

"कामाचं बोलतेय मी."

"हो ना! शाळेपासूनचं अंतर वाढलं, बाकीचं कमी झालेलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्यांवर तो भेटला. चहाला येता का, म्हणाला. आज पहिल्यांदा त्याच्या आवाजात मस्करी नव्हती.

"अर्ज निकाली निघेपर्यंत तुमच्याकडून पाण्याचा घोटही चालणार नाही मला," ती म्हणाली.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि रागावला नाही. तेच तर वाईट झालं!

अहवाल लिहायला ती बसली, तेव्हा पेन झरझर धावलं. 'शिफारस योग्य.' तिने वाचून पाहिलं. एकही अक्षर खोटं नव्हतं. पण हाच नकाशा दुसऱ्या कुणी आणला असता, तर पेन इतकं धावलं असतं? छातीवर हात ठेवून सांगता येईना. तिने अहवाल फाडला आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, ही फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "का? लेखी कारण लागेल."

तिने फाइल पुढे ओढली. मग तिथेच उभ्या उभ्या दोन ओळींचा शेरा लिहिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. पण आवाज एरवीपेक्षा मऊ होता.

फाइल विभागातल्या सर्वांत खडूस अभियंत्याकडे गेली. त्याने प्रत्येक अंतर पुन्हा मोजलं, कुंपणाची उंची वाढवायला लावली, बाईंची अट ठळक अक्षरांत घातली... आणि महिन्याभराने परवानगी दिली.

त्या दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. हातात मंजूर फायलीची नक्कल होती, आणि चेहरा पार गोंधळलेला.

"यात एक शेरा आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वाचू?"

"नको—"

"'अर्जदाराच्या प्रतिनिधीविषयी मनात आपुलकी निर्माण झाल्याने मी निःपक्ष राहीन, याची खात्री देऊ शकत नाही.'" तो थांबला. "साहेबांची सही आहे. आवक क्रमांकही आहे."

तिने समोरचे कागद उगाच सारखे केले. पंख्याने त्यातला एक उडवला, तो त्याने अलगद धरला.

"आपुलकी म्हणजे... नेमकं काय?"

"सरकारी कागदावर त्याहून जास्त लिहिता येत नाही."

"आणि कागद नसेल तर?"

तिने मान वर केली. पलीकडे टंकलेखन थांबलं होतं, शिपायाने तर कपाट उघडून त्यात तोंडच घातलं होतं. सारं कार्यालय कान टवकारून बसलं होतं. बसू दे.

"तर प्रेम म्हणेन," ती म्हणाली.

त्याने हातातला कागद जपून टेबलावर ठेवला. मग समोरची खुर्ची ओढून हळूच बसला.

"मी तर त्या शहाऐंशी मीटरलाच प्रेमात पडलो होतो," तो म्हणाला.