ब्राउझर जुना झालाय

“मुडद्या, आत घाल ती जीभ! आत घाल म्हणते ना!”

रक्षिता कॉम्प्युटरवर चप्पल उगारून उभी होती आणि नेमका तेव्हाच तो दारात आला.

“मी... नंतर येऊ का?” त्यानं दबकत विचारलं.

रक्षितानं झटकन चप्पल पाठीमागे लपवली. दारात एक उंच, चष्मेवाला मुलगा. खांद्याला बॅग, कपाळावर घाम, आणि हसू दाबून दाबून वाकडा झालेला ओठ. शिवाय बोलला मराठीत — तेही कडक इस्त्रीचं, पुण्याचं!

“फोन करायचाय?” ती शक्य तितक्या रुबाबात म्हणाली.

“हो. घरी. जे. पी. नगरला निघालो होतो, पण बसची पाटी कन्नडमध्ये होती आणि माझा आत्मविश्वास जबरदस्त... ड्रायव्हरनं इथं उतरवलं.” त्यानं रिसीव्हर उचलला आणि न राहवून विचारलं, “त्यानं काय केलं हो?”

“कुणी?”

“ज्याला चप्पल दाखवत होतात त्यानं.”

उत्तर कॉम्प्युटरनंच दिलं. सीडीचा ट्रे खर्रकन बाहेर आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा आत गेला. खरोखरच कुणी जीभ काढून वेडावून दाखवावं तसा. रक्षिताच्या डोळ्यांत पाणी आलं. हसावं की रडावं, तिला कळेना.

रक्षिताचं घराणं शहाजीराजांच्या काळात बंगळुरात येऊन राहिलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि रागात दोन्ही. तिचे वडील संताजीराव, म्हणजे अप्पा, तार खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा चामराजपेटेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी फोनचं बूथ काढलं. रक्षितानं बी.कॉम. झाल्यावर हट्ट करकरून तिथं तीन कॉम्प्युटर बसवले आणि बाहेर पाटी लावली — इंटरनेट! सन एकोणीसशे नव्व्याण्णव होतं. गल्लीतल्या लोकांना तो शब्द एखाद्या नव्या मिठाईसारखा वाटत होता. सगळ्यांना चाखून बघायचा होता.

आणि मग ही पीडा लागली. भाग्यलक्ष्मी अक्का, म्हणजे भजनी मंडळाच्या प्रमुख, अमेरिकेतल्या मुलाला ई-मेल लिहायला बसल्या होत्या, तर पडद्यावर एकामागून एक चौकटी उघडायला लागल्या. प्रत्येक चौकटीत एक गोरी बाई, आणि प्रत्येकीच्या अंगावर आधीच्या बाईपेक्षा कमी कापड! अप्पांनी धावत येऊन पडद्यावर उपरणं टाकलं. पण भजनी मंडळाला व्हायची ती बातमी झालीच. त्यातून अक्कांच्या नावानं मुलाला भलतंच पत्र गेलं — वजन घटवा, आजच गोळ्या मागवा. मुलाचा हिरमुसलेला फोन आला, “अम्मा, मी एवढा जाड दिसतो का ग?”

“कार्तिक संपेपर्यंत हे सरळ झालं नाही,” अप्पा म्हणाले होते, “तर मशिनं विकून टाकायची. हुबळीच्या स्थळाला होय म्हणायचं. बस्स.”

हे सगळं रक्षितानं त्या अनोळखी मुलाला का सांगितलं, देव जाणे. पण त्यानं घरी फोन करून “उशीर होईल” म्हटलं आणि खुर्ची ओढली.

“हे सुरू व्हायच्या आधी काही नवीन टाकलंत का यात?”

“छे! फक्त... एक चौकट आली होती. तुमचा ब्राउझर जुना झालाय, धोका आहे, नवा फुकट मिळेल, इथं दाबा. लाल अक्षरं, लुकलुकणारी. मी दाबलं.”

“दाबलंत.”

“फुकट होतं!”

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला बारीकशी खळी पडत होती. रक्षितानं ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

“मी आशय,” तो म्हणाला. “इथल्या शिवाजीनगरला एका कंपनीत आहे. प्रोग्रॅममधली वर्षं दुरुस्त करतो. दोन आकड्यांच्या जागी चार. नाहीतर दोन हजार साल उजाडलं की मशिनला वाटेल एकोणीसशे साल आलं.”

“दिवसभर हेच?”

“ॲक्च्युअली, संध्याकाळीसुद्धा. म्हणून तर बाहेर काही इंटरेस्टिंग दिसलं की थांबतो.”

हे कॉम्प्युटरला उद्देशून होतं की... रक्षितानं उगाचच फोनची वायर सरळ केली.

“तीच आधी काढा,” आशय म्हणाला.

“काय?”

“वायर. मोडेमची. जोडणी तुटली की बाहेरचा माणूस आत हात घालू शकत नाही. तुमचा ट्रे कुणीतरी कुठूनतरी बसून हलवतोय. नवा ब्राउझर म्हणून जे घेतलंत, तो घराच्या किल्ल्या घेऊन बसलेला चोर आहे. इथं टाईप केलेले पासवर्डसुद्धा तो टिपून घेतो. अक्कांची गोळ्यांची जाहिरात तशीच गेली.”

“अय्यो!” रक्षितानं वायर अशी उपटली, जणू सापच पकडलाय.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून स्वच्छ फ्लॉपी घेऊन आला. तिच्यावरूनच मशिन सुरू केलं, चोर जागा व्हायच्या आत. मग शोधाशोध. कॉम्प्युटर चालू होताना जे प्रोग्रॅम आपोआप उठतात त्यांत हा ठक साळसूद नाव घेऊन बसला होता. त्याला तिथून हटवला, मग मूळ फाईल पुसली, व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम तिन्ही मशिनवर फिरवला. शेवटी आशय म्हणाला, “आता सगळे पासवर्ड बदला. पण आधी नाही हं, साफ झाल्यावरच. चोर घरात असताना कुलूप बदलून काय उपयोग?”

“आणि पुन्हा ती चौकट आली तर?”

“दाबायचं नाही.”

“नको असं बटण असतं की तिच्यावर. ते दाबू?”

“तेही नाही! खोट्या चौकटीत नको दाबलं तरी होयच होतं. कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबायचं आणि ब्राउझरच बंद करायचा. नवा हवा असेल तर ज्यांनी बनवलाय त्यांचा पत्ता स्वतःच्या हातानं टाईप करून तिथून घ्यायचा. रस्त्यात कुणी गळ्यात पडून ‘तुमचा शर्ट जुना झालाय’ म्हणालं, तर आपण त्याच्याकडून शर्ट घेतो का?”

“तुमचा झालाय पण,” रक्षिता पटकन बोलून गेली. “कॉलर उसवलीय.”

आशयनं कॉलर चाचपली. कान लाल झाले त्याचे. ती मान खाली घालून खुदकन हसली.

मशिन सुधारलं. आशय गेला. दुकान एकाएकी मोठं वाटायला लागलं... आणि दोन-तीन दिवसांतच सीडीच्या ट्रेनं पुन्हा जीभ काढली!

रक्षितानं त्याला फोन केला. आवाजात काळजी होती, पण खरं सांगायचं तर तेवढीच नव्हती. तो आला. नवी कॉलर, नवा शर्ट. पुन्हा फ्लॉपी, पुन्हा शोधाशोध. आई, जमनाबाई, हात पुसत बाहेर आली. “ऊट, जेवण करूनच जायचं हं,” म्हणाली. आशयनं आयुष्यात पहिल्यांदा नाचणीचा मुद्दा, पिठाचा शिजवलेला मऊ गोळा, पाहिला आणि पोळीसारखा चावायला गेला. “चावू नको रे, गिळायचा असतो!” म्हणत आई पदराआड हसली. रक्षितानं एक घास घेऊन दाखवला. तो बघत राहिला — मुद्द्याकडे नव्हे.

पुन्हा सुधारलं. पुन्हा बिघडलं.

आता मात्र रक्षिताच्या मनात एक शंका आली. इतका हुशार माणूस, आणि एक चोर त्याला सापडत नाही? का हाच जाताना त्याला आत सोडून जातो... पुन्हा यायला मिळावं म्हणून? विचार येताच राग यायला हवा होता. आला नाही. आरशासमोर मोगरा माळताना ती कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होती.

पण कार्तिक उताराला लागला होता. अप्पांनी मशिनं घेणारा माणूस बघून ठेवला. त्या संध्याकाळी आशय आला, तेव्हा रक्षितानं सरळ विचारलं.

“खरं सांगा. तुम्हीच घालता ना हे?”

आशयचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मी? मला तर वाटत होतं... तुम्ही घालता.”

“मी? माझं दुकान मी बुडवीन?”

“नाही, म्हणजे... मी यावं म्हणून...” त्याचा आवाज बारीक झाला. “मूर्खपणा झाला. सॉरी.”

“फार आत्मविश्वास आहे तुम्हाला!” ती तडकली. “म्हणूनच चुकीच्या बसमध्ये चढता.”

तो उठला. बॅग घेतली. दारापर्यंत गेला. रक्षिता ताठ मानेनं पडद्याकडे बघत बसली; पण आतून काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून तिनं ब्राउझरमध्ये आधी उघडलेली पानं बघायला घेतली. आणि ती थबकली.

“थांबा,” ती म्हणाली. “इकडे या स्वल्प... जरा बघा.”

रोज पहाटे एकच पान उघडलं होतं. फुकट राशिभविष्य. आणि त्या पाठोपाठ नव्या ब्राउझरची तीच खोटी फाईल.

“पहाटे इथं कोण असतं?” आशयनं विचारलं.

रक्षितानं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं आतल्या दाराआड उभी राहिली. थंडी होती. फुलांच्या टोपल्या घेऊन बायका मार्केटकडून परतत होत्या. संताजीराव अंघोळ करून, गंध लावून दुकानात आले. कॉम्प्युटरला नमस्कार केला. मोडेमनं किंचाळत कुठंतरी फोन लावला. अप्पांनी आधी रक्षिताची कन्या रास वाचली, मग स्वतःची. आणि लाल चौकट लुकलुकली. त्यांनी चष्मा सावरला, ताठ बसले आणि भक्तिभावानं होयचं बटण दाबलं.

“अप्पा!” रक्षिता बाहेर धावली.

अप्पा मुळीच दचकले नाहीत. “उठलीस? रोज मीच नवीन करून ठेवतो बघ. तुला कुठं वेळ असतो! अर्जंट लिहिलंय त्यावर. तार खात्यात जन्म गेला, अर्जंट बघून मी हात बांधून बसू?” मग त्यांची नजर मागच्या आशयकडे गेली. “आणि हा इतक्या सकाळी इथं कसा?”

रक्षितानं सांगितलं. सगळं. ट्रे, गोऱ्या बायका, अक्कांच्या गोळ्या. अप्पांचा चेहरा उतरत उतरत अगदी लहान मुलासारखा झाला.

“म्हणजे चोराला मीच रोज दार उघडत होतो?”

“तुमचा दोष नाही, काका,” आशय म्हणाला. “तो बोलतोच तसा. घाबरवतो, घाई करतो. खरा ब्राउझर कधी ओरडत नाही.”

अप्पांनी उठून स्वतःच्या हातानं मोडेमची वायर काढली. “मशिनं विकायची नाहीत,” ते खाकरून म्हणाले. “आणि भाग्यलक्ष्मीला मीच जाऊन सांगतो. हुबळीवाल्यांनाही... कळवतो काहीतरी. रक्षिता, याला कॉफी पाजव. घरात दूध यायचंय अजून.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांनी बाय-टू मागवली. एक कॉफी, दोन पेल्यांत.

“तर... तुम्ही नव्हता घातलेला,” आशय म्हणाला.

“नाही. आणि तुम्हीही नाही.”

“नाही.”

दोघांनीही नेमका एकाच वेळी सुस्कारा सोडला. मग एकमेकांकडे पाहिलं — आणि रक्षिताला हसू आवरेना. आरोप खोटा निघाला याचं एवढं वाईट वाटून घेतलेली माणसं या शहरात दुसरी नसतील!

“आता बिघडणार नाही काही,” आशय पेल्यात बघत म्हणाला. “मग मी यायचं कसं?”

“काही बिघडलेलं नसताना ये की,” ती म्हणाली. ‘या’चं ‘ये’ केव्हा झालं, तिचं तिलाच कळलं नाही. त्याला कळलं. खळी पडली.

“उद्या?”

“उद्या दुकानात नको. उद्या शेवटचा कार्तिक सोमवार. बसवनगुडीला कडलेकाई परिषे... शेंगांची जत्रा. तिथं ये.”

सोमवारी बसवनगुडीचा रस्ता शेंगांच्या ढिगांनी भरून गेला होता. ओल्या मातीचा वास, भाजणाऱ्या शेंगांचा धूर आणि पोराटोरांच्या पिपाण्यांचा कानठळ्या बसवणारा गोंगाट. गर्दीनं दोघांना इतकं जवळ ढकललं की त्याचा हात तिच्या बांगड्यांना लागला... आणि तिथंच राहिला.

“आशय,” ती म्हणाली, “मला तू...”

“काय?”

“मला तू आवडतोस!”

“ऐकू येत नाही ग! जोरात!”

रक्षितानं दीर्घ श्वास घेतला आणि सारी जत्रा दणाणेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, “आवडतोस! तू! मला!”

आणि नेमक्या त्याच क्षणी सगळ्या पिपाण्या थांबल्या. माणसं वळून बघू लागली. रक्षिताला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. आशय मात्र नव्या शर्टाची कॉलर चाचपत नुसता उभा.

समोर ढिगामागे बसलेली शेंगावाली अज्जी मराठीचं अक्षरही न कळणारी. पण सगळं कळल्यासारखी तिनं आशयकडे पाहिलं आणि हात हलवून कन्नडमध्ये खडसावलं, “मातनाडप्पा!” बोल की, बाबा!

“मलाही,” आशय म्हणाला. मग पुरेसं नाही असं वाटून तोही ओरडला, “मलाही! पहिल्या दिवसापासून!”

अज्जीनं समाधानानं मान डोलावली, शेर भरून शेंगा रक्षिताच्या ओढणीत ओतल्या आणि त्यावर आणखी एक भरगच्च मूठ टाकली.

“ही कशाची?” आशयनं विचारलं.

“कोसरु,” रक्षिता म्हणाली. लाजेनं तिचे डोळे अजून वर होत नव्हते. “मापावरची मूठ. ती मागायची नसते रे. खूश झाले, की देतात.”