हिरव्या पानाचा कोस

कंदील जरा जवळ घ्या, पोरांनो, आणि मधे बोलू नका. धारचा नीलकंठ आमच्या शेजारचाच. त्याच्या तोंडून ऐकलं तेवढंच सांगतो, पदरचं एक अक्षर नाही.

१९०७ साल, पौषातली अवस. नीलकंठ तेव्हा संस्थानच्या मोजणीखात्यात होता. मांडूच्या अलीकडे एका खेड्यात त्याची ताई, यमुनाबाई, बाळंतरोगानं अंथरुणाला खिळली होती. आईविना पोरक्या नीलकंठाला तिनंच वाढवलेलं. वैद्यबुवांची मात्रा कमरेला बांधून तो दुपारी टांग्यानं निघाला. वाटेत नालछे गावात चाक मोडलं. हा कंदील घेऊन पायीच सुटला.

मोजणीवाला तो, त्याला मैलाचं वेड. पण वाटेत मैल कोणाला ठाऊक? एक म्हातारी म्हणाली, "कोसभर हे, बेटा." तासभर चालल्यावर गुराखी म्हणाला, "कोसभर हे, भिया." पुढे एकानं तर "दो चिलम को रस्तो" सांगितला, म्हणजे दोन चिलमी ओढून होईतोवरची वाट. नीलकंठ कातावला. "अरे, तुमचा कोस आहे की मारुतीचं शेपूट!"

अंधार पडला. सतराव्या मैलाच्या दगडापाशी घोंगडी पांघरून एक माणूस बसला होता. हातात पळसाची डहाळी, तिला एकच हिरवं पान.

"कां जई रिया हो, भिया?"

नीलकंठानं गाव सांगितलं. "किती लांब?"

"एक कोस. म्हारे साथे चालो. पान सुके, वां कोस पूरो."

तिकडची रीतच तशी. रानातली माणसं ताजी डहाळी तोडून चालायला लागत. पान मलूल पडलं की एक कोस झाला. म्हणजे उन्हाळ्यात कोस आखूड, हिवाळ्यात लांब! तेवढ्या काळजीतही नीलकंठाला हसू आलं. तो त्याच्यामागून निघाला.

बरंच चालल्यावर मैलाचा दगड आला. त्यानं कंदील धरला. सतरा.

आपलंच काही चुकलं असेल, म्हणून तो पुढे गेला. पुन्हा दगड... सतरा. त्यानं डहाळीवर उजेड धरला. पान मात्र टवटवीत.

"अरे, कुठे नेतोस मला? तिकडे ताई मरेल!"

"जल्दी मत करो, भिया..." माणूस मागे न बघता म्हणाला. "पान हरो हे, वां तक..."

पान हिरवं आहे तोवर काय, ते न सांगताच तो चालत राहिला.

नीलकंठानं कंदील वर केला. घोंगडीत तोंड... दिसेना.

पुन्हा दगड. सतरा.

त्याचा धीर सुटला. त्यानं डहाळी हिसकावली. पान कंदिलाच्या तापल्या काचेवर दाबून धरलं. चरचरलं... काळं पडलं.

माणूस नाही. दगड नाही. समोर ताईचं दार.

आतून हंबरडा...

मेहुणे कृष्णराव बाहेर आले. "आत्ता गेली रे! नीलकंठ येतोय, नीलकंठ येतोय, म्हणत रात्रभर तग धरून होती. डोळेसुद्धा उघडले होते. आणि एकदम... 'भाजलं' म्हणून किंचाळली."

मात्रा कमरेलाच राहिली. नीलकंठ आत गेला, ताईच्या उशाशी बसला. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्यानं एकेक बोट सोडवलं.

तळहातावर भाजल्याचा ताजा डाग होता. पानाचा... शिरांसकट.