तळ्यातली पांढरी थाळी

एकेचाळीसच्या उन्हाळ्यात सौंदडकडच्या गावांत पटकीची साथ आली, तेव्हा नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकणारे भोजराज आणि सेवकराम तिथल्या तळ्यांचं पाणी तपासायला उतरले. भोजराजची आत्या शामकला ज्या गावी राहायची, तिथल्या विहिरी बंद झाल्या होत्या. उरलं होतं एक तळं. त्याचं पाणी पिण्याजोगं आहे का, एवढंच ठरवायचं होतं.

भर दुपारी गावच्या छोटेलाल ढिवराने त्यांना मासेमारीच्या डोंग्यातून मधोमध नेलं. पाणी किती गढूळ आहे ते पाहायला सेवकरामने दोरीला बांधलेली पांढरी थाळी आत सोडली. इतर तळ्यांत ती हातभर गेली की दिसेनाशी व्हायची. इथे ती लहान लहान होत गेली, पण दिसतच राहिली.

"दोरी सरली," सेवकराम म्हणाला.

"काऊन? अठी तं कमरेभर पानी हाय," म्हणत छोटेलालने बांबू रोवला. तो लगेच चिखलात रुतला.

दोरी तळाशी गोळा झाली असेल, असं भोजराजने स्वतःला समजावलं. पण दोरी ताठ होती. त्याने ती भराभर ओढली. थाळी डोंग्यात आली, इतकी गार की बोटं बधिर झाली.

छोटेलाल थाळीकडे पाहतच नव्हता. तो पाण्यात पाहत होता.

खाली पांढरी चकती तशीच होती.

"सूरज की परछाई है, और क्या," सेवकराम पुटपुटला.

भोजराजने पाण्यावर छत्री धरली. चकती पुसली गेली नाही. उलट, मोठी होऊ लागली.

"हान डोंगा!" भोजराज छोटेलालवर ओरडला.

काठ लागेपर्यंत कुणी मागे पाहिलं नाही.

भोजराज धापा टाकत आत्याच्या घरी पोचला. "आत्या, त्या तळ्याचं पानी पिऊ नोको!"

"कायले रे बापू? विहिरी बंद झाल्यापासून आमी तेच पिऊन राहिलो. गोड हाय." हातातला लोटा रिकामा करून ती हसली.

तिच्या डोळ्यांच्या काळ्याभोर बाहुल्यांत, फार खोल, पांढरा ठिपका होता.

मोतीबिंदू असेल, भोजराजने मनाशी म्हटलं. नीट पाहायला तो जवळ सरकला.

ठिपकाही जवळ आला.