तलाठी ऊर्फ शमशोन

पैज अशी लागली की कुत्र्याला रोहा-अष्टमीच्या पुलावर बरोब्बर मधोमध सोडायचं. रोह्याच्या टोकाला नाथा, अष्टमीच्या टोकाला लीया. दोघांनी एकदम हाका मारायच्या. कुत्रा ज्याच्याकडे जाईल, त्याचा. आणि हरेल त्याने गळ्यात दोरी बांधून भर रस्त्यात तीनदा ओरडायचं, "कुत्रा त्यांचा! मी हरलो!"

ही अट मालूबायने काढली. मालूबाय नाथाची शेजारीण, पुलाच्या तोंडाशी मासे विकायला बसायची. गावातलं कुठलंही भांडण लवकर मिटलं की तिला चुकल्यासारखं व्हायचं.

"आमचा नाथाच जिंकणार," ती म्हणाली. "पिल्लू होतं तेव्हापासून माझ्या टोपलीतल्या मांदेल्या खाऊन वाढलाय तो कुत्रा."

"तुझ्या मांदेल्या खाऊन जगला हेच नवल," पलीकडच्या टोकाचा चहावाला गुणाजी म्हणाला. तो लीयाचा शेजारी. "आमच्या लीयाने हाक मारली ना, तर कुत्राच काय, नागोठण्याची एस.टी. पण थांबते."

झालं. पैज ठरली. त्र्याण्णव साल होतं, गौरी-गणपती नुकतेच गेले होते, आणि लोकांना नवीन काहीतरी हवंच होतं.

आता मुळात भांडण काय, ते सांगितलं पाहिजे.

नाथा सव्वीस वर्षांचा, कंपनीत फिटर, तीन शिफ्टमध्ये ड्युटी आणि उरलेल्या वेळात लोकांची फिरकी. एकदा त्याने गुणाजीच्या टपरीवर पाटी लावली होती, 'आज चहा फुकट, मालक खूश आहे.' गुणाजीला दुपारपर्यंत कळलंच नाय की लोक आशीर्वाद कशाला देतायत. तर या नाथाने एक तांबडा, एक कान पडलेला कुत्रा पाळला होता. नाव ठेवलं होतं तलाठी. कारण तो सकाळी उठला की प्रत्येकाच्या अंगणात जाऊन पाहणी करायचा, आणि काहीतरी मिळाल्याशिवाय हलायचा नाय.

हा तलाठी दर शुक्रवारी संध्याकाळी गायब व्हायचा. श्रावणात तर महिनाभर दिसायचा नाय. नाथाच्या आईला, सीताबाईला, काळजी लागायची. "पोरगं उपाशी फिरत असंल रे कुठंतरी." पोरगं म्हणजे कुत्रा. नाथाला ती मेल्या म्हणायची, कुत्र्याला पोरगं.

त्या वर्षी गणपतीत घरात मासळी बंद झाली आणि तलाठी पुन्हा गेला. या वेळी नाथाने माग काढला, तो पूल ओलांडून अष्टमीत, एझ्रा अष्टमकर या ज्यू गृहस्थांच्या दारात. दार बंद. आतून ओळखीचं भुंकणं. नाथाने कडी वाजवली. कोणी उघडेना. त्याने हाका मारल्या, विनवण्या केल्या, शेवटी ठेवणीतला आवाज काढला, "तार आली होऽऽ!" तरी आत चिडीचूप. नाथा परत आला आणि त्याने पुलावर बोंब ठोकली, अष्टमकरांनी माझा कुत्रा गिळला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात एक मुलगी उभी, अष्टमकरांची लीया. निळी ओढणी, नाकावर घाम, डोळ्यांत राग... आणि ओठांच्या कोपऱ्यात रागाशी न जुळणारं काहीतरी.

"काल तुम्हीच आला होता ना? तार घेऊन?"

"व्हय... म्हणजे—"

"काल आमचा दारफळणीचा सण होता. वर्षातून एक दिवस. उपास करायचा, दार बंद ठेवायचं, बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही. आणि माझे पप्पा रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत. इतकी खोटी तार त्यांनी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. उपासाच्या दिवशी तोंडात पदर कोंबून हसत होती आमची रूथआत्या. ते पाप तुम्हाला लागणार."

ती जायला वळली, मग थांबली. "आणि शमशोन आमचा आहे."

"कोण शमशोन?"

तिच्या मागोमाग आलेला शमशोन नाथाच्याच पायाशी बसून कान खाजवत होता.

तेव्हा कुठे उलगडा झाला. या पठ्ठ्याने दोन्ही घरांची पंचांगं पाठ केली होती! शुक्रवारी संध्याकाळी अष्टमकरांकडे नारळाच्या दुधातली कोंबडी. शनिवारी त्यांचा विश्रांतीचा वार, चूल पेटायची नाय, की हा सकाळीच पूल ओलांडून सीताबाईच्या गरम भाकरीला हजर. सीताबाईचा सोमवार, चतुर्थी, श्रावण, सगळं तिकडे. दोन घरं, दोन नावं, आणि दोन्हीकडे याचाच लाड.

तर पैज. पुलाच्या दोन्ही टोकांना ही गर्दी. गुणाजीने कुत्रा मधोमध आणून सोडला.

"तलाठीऽऽ!"

"शमशोऽऽन!"

कुत्रा नाथाकडे दहा पावलं आला. नाक वर केलं, वळला, लीयाकडे वीस पावलं गेला. पुन्हा वळला. असं चार वेळा केलं. शेवटी पुलाच्या मध्यावर बसला आणि आडवा झाला. मागून एस.टी. आली, तिने हॉर्न वाजवला, तरी ढिम्म. शेवटी नाथा आणि लीया दोघं दोन बाजूंनी धावली आणि त्याला उचलायला एकदमच वाकली.

लीयाने नाक मुरडलं. "तुमच्या खिशातून सुक्या बोंबलाचा वास येतोय."

"तुमच्या ओढणीतून तळलेल्या बांगड्याचा येतोय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग लीया अशी हसली, की ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला.

निकाल लागला नाय. मालूबाय आणि गुणाजी या पंचांनी पैज पुढे ढकलली आणि कुत्रा दोघांचा राहिला. त्यानंतर नाथाला शुक्रवारी संध्याकाळी अष्टमीत काही ना काही काम निघायला लागलं.

"काय हो, आज काय काम?" लीया दारातून विचारायची. थोड्याच दिवसांत 'हो' गेलं, 'तुम्ही' गेलं, आणि 'काय रे' उरलं.

"तलाठी पोचला का ते बघायला आलो."

"पोचलाय. जेवलाय. झोपलाय. आता?"

"आता... उठतो का बघतो."

पुढच्या जुलैत कुंडलिका नदी अशी चढली की पूल बंद केला. तलाठी अडकला अष्टमीत. नाथा छत्री घेऊन रोह्याच्या काठावर. मध्ये गढूळ पाणी, झाडंच्या झाडं वाहत चाललेली. पलीकडे निळा रेनकोट. नाथाने हात तोंडाशी नेऊन विचारलं, जेवला का? तिने कुत्र्याचा पंजा धरून हलवला — जेवला. मग नाथाने स्वतःकडे बोट दाखवून पोट चोळलं — मी नाय जेवलो. ती एवढ्या लांबून हसली, ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण नाथा पुढे बरीच वर्षं शपथेवर सांगायचा, की आलं. तीन दिवस पूल बंद होता. तिन्ही दिवस तो भिजला. चौथ्या दिवशी पूल उघडला, आणि खरं सांगायचं तर त्याला वाईटच वाटलं.

एवढं सगळं होतं. फक्त बोलायचं राहिलं होतं. नाथाला वाटायचं, बोलू की, घाई काय हाय? कुत्रा काय, पूल काय, लीया काय, सगळं जागच्या जागी तर हाय.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये कुत्र्याचा पडका कान चिघळला. रोह्याचा जनावरांचा डॉक्टर रजेवर, म्हणून दोघं त्याला घेऊन पेणला निघाली. एस.टी.त कुत्रा दोघांच्या मध्ये, डोकं लीयाच्या मांडीवर, शेपूट नाथाच्या. कंडक्टर ओळखीचा. कुत्र्याकडे बघून "यांचं अर्धं तिकीट काढू का?" म्हणाला.

"पूर्ण काढा," नाथा म्हणाला. "सरकारी माणूस हाय."

लीया हसली नाय. खिडकीबाहेर मिठागरांत पांढरे ढीग चमकत होते. तिकडे बघत ती म्हणाली, "नाथा... पप्पांचे कागद आलेत. आरोनने अश्दोदला घर बघितलंय. मे महिन्यात जायचं म्हणतात. सगळ्यांनी."

आरोन तिचा भाऊ, चार वर्षांपूर्वीच इस्रायलला गेलेला.

नाथाचं तोंड सवयीने चालू झालं. "मग तलाठीला पण न्या. तिकडे पण सात-बारा असतीलच."

"मी थांबू शकते," ती हळूच म्हणाली. "रूथआत्या जाणार नाहीये. तिच्याजवळ कोणीतरी लागेलच... पण नुसतं आत्यासाठी थांबते म्हटलं, तर पप्पा ऐकायचे नाहीत."

यापेक्षा सरळ कोणी काय बोलायचं असतं? नाथाने कुत्र्याच्या शेपटीतले काटे काढले.

दवाखान्यात कंपाउंडर कार्ड भरत होता. "कुत्र्याचं नाव?"

"तलाठी," नाथा म्हणाला.

"शमशोन," लीया म्हणाली.

"ठरवा आधी. मालकाचं नाव?"

लीयाने नाथाकडे बघितलं. "दोघांचं लिहिता येईल?"

"दोघांचं?" कंपाउंडरने चष्म्यावरून बघितलं. "नवरा-बायको आहात का?"

लीया नाथाकडे बघत राहिली. अशी, की पुलावर पण कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत काही मागणं नाय, नुसती वाट. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. कंपाउंडरचं पेन कागदावर टेकलेलं. एक शब्द. होणार आहोत, एवढं म्हटलं असतं तरी—

"छे हो!" नाथा म्हणाला. "आम्ही दोघं भाडेकरू. मालक हाच!"

सगळा दवाखाना हसला. कंपाउंडर हसला, शेळीवाली हसली. लीयापण हसली... पण सगळ्यांच्या नंतर. मग नाथाकडे बोट दाखवून म्हणाली, "यांचंच लिहा."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. नागोठणं आलं. मग म्हणाली, "तुला कधी सरळ बोलता येतं का रे?"

"येतं की. हे नागोठणं."

तिने डोळे मिटून घेतले. नाथाला वाटलं, झोपली.

त्यानंतर दोन महिने होते. साठ दिवस. नाथाने त्यातला एकेक दिवस उद्यावर ढकलला. रोज रात्रपाळीला जाताना ठरवायचा, सकाळी बोलतो. सकाळी एझ्राकाका पेट्यांना दोऱ्या बांधत असायचे. नाथा मदतीला बसायचा, गाठी मारायचा, विनोद करायचा. लीया कपाटं रिकामी करायची. एकदा तिने चाळणी हातात घेऊन विचारलं, "ही ठेवू की नेऊ?" नाथा म्हणाला, "तिकडच्या पिठात खडे नसतील तर ठेव." तिने ठेवली.

निघायच्या दिवशी सकाळीच गुणाजीच्या टपरीसमोर जीप उभी राहिली. सामान चढलं. कुत्रा रूथआत्याकडे राहणार, हे ठरलेलं होतं. आत्या म्हणाली होती, "मला न् त्याला आता कुठला नवा देश? आम्ही दोघं इथंच."

सगळे रडवेले झाले होते. तेवढ्यात मालूबाय पुलावरून टोपलीसकट आली. "ओ एझ्राभाऊ! पैज अर्धी टाकून जाताय व्हय? निकाल लावा गो लीया, नायतर माझ्या जिवाला घोर!"

एझ्राकाकांनी घड्याळ बघितलं आणि हसू आवरत म्हणाले, "पाच मिनिटं. जास्त नाही."

झालं. गुणाजीने कुत्रा मधोमध नेला. लीया इकडच्या टोकाला. नाथा चालत रोह्याच्या टोकाला गेला. इतका लांब पूल त्याला कधी लागला नव्हता. तिकडून वळून बघितलं, तर ती बोटाएवढी दिसत होती.

"शमशोऽऽन!"

एकच हाक. तीही फाटलेली.

नाथाने तोंड उघडलं. पण घशाशी आलं ते कुत्र्याचं नाव नव्हतंच. दीड वर्ष गिळलेलं दुसरंच नाव वर आलं, आणि तिथेच अडकलं. लोक ओरडत होते, "अरे हाक मार! मार की हाक!" कुत्रा उठून उभा राहिला. त्याने आधी नाथाकडे बघितलं. चांगला बराच वेळ बघितलं, शेपूट हलवून, पुरती संधी देऊन. आणि मग वळला आणि अष्टमीकडे धावत सुटला.

नाथा त्याच्या मागून चालत आला. लीया रस्त्यातच बसली होती, कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून.

"हाक का नाही मारलीस?"

"घसा बसलाय."

"खोटं."

"व्हय."

ती उठली. ओढणीने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, मारशील."

"तलाठीला?"

तिने कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याची दोरी आत्याच्या हातात दिली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"दोरी! दोरी आणा!" मालूबाय ओरडली. गुणाजीने सुतळी नाथाच्या गळ्यात घातली, वर गाठ मारली. पोरंसोरं, बायका, एस.टी.ची वाट बघणारे, सगळे गोळा झाले. जीपला हलायला जागा नव्हती.

"कुत्रा त्यांचा!" नाथा ओरडला. "मी हरलो!"

टाळ्या, शिट्ट्या. "एक!" गुणाजीने मोजलं.

नाथाने जीपकडे बघितलं. आता गळा मोकळा झाला होता. नको त्या वेळी.

"कुत्रा अष्टमकरांचा! आणि मी पण! मी पण त्यांचाच! मी हरलो!"

लोकांची हसून मुरकुंडी वळली. मालूबायने पोट धरलं. "मेल्याने जाता जाता पण फिरकी घेतलीच गो!" एझ्राकाका हसले, ड्रायव्हर हसला. नाथा हात हलवून सांगत होता की नाय, नाय, फिरकी नाय... त्यावर लोक आणखीच हसले. आजवर त्याने सगळ्यांना हेच तर शिकवलं होतं.

एकटी लीया हसत नव्हती. ती जीपच्या दांडीला धरून अर्धी बाहेर वाकली. ओठ हलले. ड्रायव्हरने त्याच वेळी गाडी चालू केली, आणि ती काय म्हणाली ते नाथाला ऐकू आलं नाय. लोक बाजूला झाले. जीप नागोठण्याच्या रस्त्याला लागली, धुरळा उडाला.

"दोनच झाले!" गुणाजी ओरडला. "तीन ठरलेत! फेड लेका!"

नाथा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. या वेळी त्याने कुत्र्याचं नाव घेतलंच नाय.

"लीयाऽऽ! मी हरलो!"

टपरीवर दूध उतू जात होतं. गुणाजी जागचा हलला नाय.