स्यू गेकचा हिस्सा

चिनी सातव्या महिन्यातली, मेलेल्यांचे आत्मे परत येतात त्या महिन्यातली दुपार होती. पेनांगच्या आमच्या गल्लीत दारोदार उदबत्त्या जळत होत्या. धाकटा दीर बून तात आपल्या मुलीला, ली पेंगला, घेऊन आला. माझ्या गेलेल्या लेकीचा, स्यू गेकचा, कॉम्प्युटर तिला कॉलेजसाठी हवा होता. मी हो म्हटलं होतं. अट एकच. हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, आणि एका भागात स्यू गेकनं रेकॉर्ड केलेली गाणी तशीच ठेवायची.

“मेलेल्यांना कसली जागा लागते, वहिनी?”

“तुझ्या वडिलांच्या कबरीला लागली. टेकडीवर, समुद्र दिसणारी.”

तो हसला. ली पेंग मान खाली घालून बसली.

कागदी वस्तू जाळली की ती मेलेल्याला पोचते; गेल्या वर्षी आम्ही स्यू गेकसाठी कागदी कॉम्प्युटर जाळला होता. मोठ्यांनी लहानांसाठी जाळायचं नसतं. म्हणून आई असून मी हात बांधून उभी राहिले, आणि धाकटी चुलत बहीण म्हणून ली पेंगनं काडी लावली. अशा वस्तूवर मेलेल्याचं नाव घालतात. नाहीतर वाटेतले बेवारस आत्मे ती हिसकावून नेतात. बून तातनं नाव घातलंच नाही. “वर कोण वाचत बसलंय?” म्हणाला. तो राग मी वर्षभर गिळत होते.

बून तात कॉम्प्युटरसमोर बसला. मी कोपीचे कप घेऊन आले, तर पडद्यावर एकच भाग होता.

“पुसलंस?”

“डिस्क लहान आहे, वहिनी. आणि गाणी काय...”

तो थांबला. पडद्यावर एकाचे दोन भाग झाले होते. त्यानं दुसरा पुसला. तो परत आला, आधीपेक्षा मोठा. खोलीत जळक्या कागदाचा वास पसरला.

“पा, कीबोर्डवरून हात काढा ना...” ली पेंग पुटपुटली.

बून तातचे हात मांडीवर होते. पहिला भाग आकसत चालला होता.

“तिचं तिला दे,” मी म्हटलं. “अजून सांगतेय.”

त्यानं वायर उपटली. तसाच धावत जाऊन नवा कागदी कॉम्प्युटर आणला आणि माझ्यासमोर त्यावर ठळक अक्षरांत स्यू गेकचं नाव लिहिलं. दारात ली पेंगनं काडी लावली. मी पुन्हा हात बांधून उभी.

सगळ्याची राख झाली. एक तुकडा तेवढा जळाला नाही. मी तो उलटून पाहिला. अक्षर बून तातचंच होतं.

नाव ली पेंगचं.